मिरचीच्या कोठीतली बिटर

सकाळी अंगणात पहिली शिंक आली आणि मी ओळखलं, आता हे बोलणार.

खळ्यावर कालपासून मिरची पसरली आहे. वारा जरा घराकडे वळला की ती आधी नाकात शिरते, मग डोळ्यांत, मग घशात आणि शेवटी आमच्या ह्यांच्या डोक्यात. ह्यांनी चहाची बशी खाली ठेवली, खळ्याकडून कुणाची वरात येत असल्यासारखं तिकडे पाहिलं आणि म्हणाले, "काय गं, यंदा करून बघू या का?"

काय करून बघायचं, ते मी विचारत नाही. दरवर्षी मिरची लाल झाली की हा प्रश्न येतो आणि दरवर्षी मी हातात असेल ते आपटते. आज चाळणी होती. चाळणी आपटून फारसा आवाज होत नाही, म्हणून मी ती उचलून पुन्हा आपटली.

ही गोष्ट मी सांगायला लागले की ऐकणारे आधी माझ्याकडे नीट बघून घेतात. आता मला चष्मा आहे, गुरुवारच्या भजनात मी टाळ धरते. आणि गोष्ट काय, तर कोरीटसारखं गाव, सगळीकडे दारूबंदी, घरातली कर्ती बाई अशी की ताक जरा जास्त आंबलं तर ते गुरांच्या पाण्यात ओतेल. आणि त्या घरात मी, तापीकाठच्या प्रकाशा तीर्थाच्या घाटावर हरहर म्हणत वाढलेली मुलगी, एक अख्खा हिवाळा इंग्रजांची दारू राखत बसले होते. नुसती राखत नव्हते. ती नीट आंबावी म्हणून महादेवाला बेल वाहत होते. महादेवाने त्या बेलाचं काय केलं असेल, कोण जाणे.

साठच्या पुढची ती वर्षं. तो हिवाळा मला आधी वासानेच आठवतो. पहाटे तापीवरून धुकं वर यायचं आणि त्यात गुऱ्हाळाचा धूर मिसळायचा. उसाच्या रसाची वाफ गोड, पाचटाचा धूर कडवट, आणि ऊन चढलं की या सगळ्यावर मात करत मिरची. गाडीवाटेच्या बाभळींना जाता येता कापूस अडकलेला असायचा, त्यामुळे काट्यांनाच बोंडं फुटल्यासारखं दिसे. लांबून पाहिलं तर आमचं खळं कुणी लुगडं वाळत घालून विसरल्यासारखं लालभडक दिसायचं. गावात बोलणं कमी आणि खोकणं जास्त. दोन बायका विहिरीवर भेटल्या की आधी एक खोके, मग दुसरी, आणि मग विचारपूस.

त्या दिवाळीला आमचे हे विलायतेहून परत आले होते. लग्नानंतर एक उन्हाळा आम्ही एकत्र काढला, आणि हे यंत्रांचं शिक्षण घ्यायला इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका गावी गेले ते दोन वर्षं गेलेच. परत आले तेव्हा मी दारात भाकरतुकडा ओवाळला, आणि ज्याच्यावरून ओवाळला तो माणूस मला नीट ओळखूही आला नाही. अंगावर कोट, हातात ट्रंक. आणि बोलणं! गेले तेव्हा माझ्याशी अहिराणीत बोलायचे. आले ते शाळामास्तरासारखं शुद्ध मराठी बोलत. त्यांच्या आईशी मात्र अहिराणीच चाले, कारण तिथे मराठी काढलं असतं तर जेवायला मिळालं नसतं.

त्यांच्या आई म्हणजे माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणे. सासरे आधीच गेलेले. ऊस, मिरची, कापूस, गुऱ्हाळ, गडी, बैल आणि मी, एवढं सगळं त्या एकट्या हाकत. ह्यांना त्या नाना म्हणत.

ट्रंक ह्यांनी खाटेखाली सरकवली आणि ती रिकामी केलीच नाही. रोज सकाळी ओढायची, लागेल ते काढायचं, झाकण लावायचं, आत ढकलायची. भिंतीला खुंट्या होत्या, फडताळ होतं, मी त्यात कडुनिंबाचा पाला घालून जागा करून ठेवली होती. पण सदरा ट्रंकेतून निघे आणि धुऊन ट्रंकेतच जाई. पाहुणा धर्मशाळेत उतरतो तसे हे घरात उतरले होते.

आणि तोंडात एकच शब्द, 'तिथं'. तिथं पाणी नळाला येतं. तिथं वेळ म्हणजे वेळ. तिथं एखादी गोष्ट करून ठेवली की तिला कुणी हात लावत नाही. भाकरीच्या प्रत्येक घासाबरोबर एक 'तिथं'. एकदा आत्याबाईंनी चुलीपुढून विचारलं, "तठे भाकर भेटे का रे?"

"नही, माय."

"मंग गप जेव."

त्या ट्रंकेच्या तळाशी तो डबा होता. चांगला जड, पत्र्याचा, वर लाकडी पिंपाचं चित्र. एका दुपारी मळ्यातल्या निंबाखाली ह्यांनी तो मला दाखवला आणि पहिल्यांदाच सलग बोलले. तिथं ते ज्या घरात राहायचे तिथल्या म्हाताऱ्याचं नाव आर्थर. आर्थर आणि त्याची बायको, दोघंच. पहिल्या हिवाळ्यात ह्यांना ताप आला, कुणी विचारणारं नव्हतं, तेव्हा त्या म्हातारीने खाली स्वयंपाकघरात शेगडीजवळ खाट टाकली. आर्थर बादलीत घरीच बिअर करायचा. तिला बिटर म्हणतात, म्हणजे कडवी. दर शनिवारी तिघं त्या शेगडीपुढे बसायचे, बाहेर काचेवर पाऊस, आणि आर्थर प्रत्येकाच्या पेल्यात सारखी ओतायचा. "त्या घरात मला कुणी काही विचारायचं नाही," हे म्हणाले. "नुसतं बसायचं. निघताना आर्थरने बिअर करायच्या पाकाचा हा डबा दिला. म्हणाला, घरी कर, घरच्यांना दे."

"घरच्यांना?" मी म्हटलं. "आत्याबाईंना?"

ह्यांनी डब्याकडे पाहिलं. मग जे बोलले त्यावरून माझा पुढचा सगळा हिवाळा ठरला. तिथल्या कारखान्यात त्यांच्यासाठी जागा धरून ठेवली होती. होळीपर्यंत होय किंवा नाही कळवायचं होतं. "इथं काही धड होतच नाही," हे म्हणाले. "कुठलीच गोष्ट कुणी मुरू देत नाही. मी ठरवलंय. हे इथं जमलं तर इथं काहीही जमेल. मग मी राहतो. नाही जमलं तर निघतो."

"आणि मी?"

"तुला मागाहून बोलावतो."

मागाहून! आमच्या भागात ज्या बाईला नवऱ्याने 'मागाहून बोलावतो' म्हटलं तिची काय गत होते, ते मी प्रकाशाच्या घाटावर डोळ्यांनी पाहिलं होतं. असल्या दोन-तीन बाया रोज तिथे धुणं धुवायच्या, आणि त्यांच्या धुण्यात नवऱ्याचा सदरा कधीच नसायचा. मला संताप आला. माणूस संसाराचा निर्णय कशावर सोडतो? कुणी देवाला कौल लावतं, कुणी वडीलधाऱ्यांना विचारतं. आमच्या ह्यांनी माझं आयुष्य एका पत्र्याच्या डब्यावर ठेवलं होतं. आणि गंमत अशी, की त्या क्षणापासून त्या डब्याची सगळ्यांत जास्त काळजी मला.

डबा फोडला तेव्हा आत्याबाई हजर. आत घट्ट, काळपट, चकचकीत पाक. त्यांनी विचारायच्या आधी बोट घातलं, चाटलं आणि निकाल दिला, "काकवी शे. आन करपी गयी. इंग्रजले काकवी करता येत नही."

हे म्हणाले, "औषध शे, माय." दारू म्हणायची सोय नव्हती. गुऱ्हाळ चालवणारे, चारचौघांत बसणारे, गळ्यात माळ असलेले लोक आम्ही. औषध हे ऐकल्यावर मात्र आत्याबाईंनी मोठी बरणी दिली. लोणच्याची बरणी! ती रिकामी करताना त्यांचा चेहरा असा होता, की जणू देव्हारा हलवतो आहोत. मी ती राखेने घासली, उन्हात ठेवली, पुन्हा घासली. तरी आतून मोहरी आणि हिंग 'आम्ही आहोत' म्हणून सांगतच होते. बरणीत अर्धाच डबा मावला. उकळतं पाणी, थोडा गूळ, कोमट झाल्यावर आर्थरने दिलेल्या पुडीतली अर्धी राखाडी भुकटी, जिने ते सगळं आंबायचं, आणि तोंडाला कापडाचं धुडकं. बरणी मधल्या अंधाऱ्या खोलीत ठेवून हे म्हणाले, "आता हिला कुणी हात लावायचा नाही."

आता माझ्या सासूबाईंचा काय दोष? सगळा जन्म गुऱ्हाळावर गेलेला. ज्या घरी गूळ होतो त्या घरात फेस म्हणजे लाज. रस वेळेवर चुलीवर चढला नाही, कढईकडे कुणाचं लक्ष नव्हतं, बाई निजून राहिली, असा त्याचा अर्थ. काकवी फसफसली तर गावात तोंड दाखवायला जागा नाही. आत्याबाईंच्या हातची काकवी कधी फसफसली नव्हती. आणि त्यांच्या मधल्या खोलीत, त्यांच्याच बरणीत, पोराने विलायतेहून आणलेलं औषध कुजबुजायला लागलं होतं. बुड्, बुड्, बुड्.

आम्ही दोघं मळ्यात होतो. परत आलो तर अंगणात चूल पेटलेली, वर कढई, आणि आत्याबाई पदर खोचून उभ्या. त्यांनी ती अख्खी बरणी कढईत ओतली होती. भेंडीची खोडं ठेचून, भिजवून त्याचं चिकट पाणी घातलं होतं. त्याने मळी वर येते आणि गूळ साफ होतो. झाऱ्याने त्या मळी काढत होत्या. आर्थरच्या भुकटीतला जीव असा झाऱ्याने उचलून उकिरड्यावर जात होता.

"बिघडी ऱ्हायनं व्हतं," त्या घाम पुसत म्हणाल्या. चेहऱ्यावर काय समाधान! "मी व्हती म्हनीसन वाचनं. देख, कशी तार सुटनी."

खरंच तार सुटली होती. सुरेख, दाट, काळी काकवी. हे ओट्यावर बसले आणि दोन्ही हातांत डोकं धरलं. त्यांना वाटलं मी नीट राखलं नाही. आत्याबाईंना वाटलं मी बिघडू दिलं. त्या संध्याकाळी मला दोन्हीकडून बोलणी बसली, एकाच बरणीपायी, अगदी उलट्या कारणांनी. भांडी घासताना मी एक पितळी तांब्या इतका आपटला की त्याला पोचा आला. तो तांब्या अजून आहे. बघायचा असेल तर या.

ती काकवी भाकरीबरोबर कुणालाच जाईना. कडू! कडू म्हणजे कारल्याने खाली मान घालावी. पण आत्याबाई काही टाकणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी ती बाटल्यांत भरून फळीवर ठेवली. एकदा ठसका लागला म्हणून चमचाभर घेतली, आणि ठसका थांबला. झालं. त्या दिवसापासून तो 'विलायती काढा' झाला आणि गल्लीतल्या बायका वाटी घेऊन यायला लागल्या. घरच्यांना दे, असं आर्थर म्हणाला होता. आत्याबाई गावाला देत होत्या.

अर्धा डबा उरला होता, आणि अर्धी पुडी. हे म्हणाले, "राहू दे आता." आणि ट्रंकेतला कोट काढून झटकायला लागले. तो कोट झटकायचा आवाज मला सहन होईना. मी म्हटलं, "द्या इकडे. आता मी करते." हे बघत राहिले. दारूचा थेंब न पाहिलेली मी, आणि माझा आवाज गुऱ्हाळावर हुकूम सोडणाऱ्या गुळव्यासारखा.

माहेरी जाऊन, तापी ओलांडून, मी आईची बरणी आणली. "लिंबाचं लोणचं घालते," म्हणाले. आईने बरणीसोबत लिंबंही दिली, म्हणजे ते लोणचंही घालावं लागलं. आणि बरणी ठेवली कुठे? मिरचीच्या कोठीत. कारण अख्ख्या घरात आत्याबाई जात नसत अशी ती एकच जागा. त्यांना मिरचीचा दम लागे. कोठीचं दार उघडलं तरी त्या पदर नाकाला लावून लांब जात. छतापर्यंत मिरचीची पोती, मधे माझी बरणी, आणि तिचं कुजबुजणं ऐकायला मिरच्यांखेरीज कुणी नाही.

पण बरणी बघायला मला जावं लागे. दिवसातून कितीदा तरी. धुडकं नीट आहे ना, माशी नाही ना, फेस आहे ना. देवा, त्या कोठीत श्वास घ्यायचा म्हणजे आतून सोलून निघायचं. मी बाहेर यायची ती डोळे लाल, नाक लाल, गालावर धारा. पदराने तोंड पुसत स्वयंपाकघरात जाऊन बसायची.

आत्याबाईंनी एक दिवस पाहिलं, दोन दिवस पाहिलं. मग पीठ मळता मळता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "नाना काही बोलना का तुले?"

"नही, आत्याबाई."

"मंग काबर रडस?"

"मिरची शे."

"मिरची मी बी पाही शे वं," त्या म्हणाल्या, आणि पिठावर जरा जोरात मूठ मारली.

मला काय माहीत त्या काय समजल्या! पण त्यानंतर माझ्या ताटात तुपाचा थेंब वाढायला लागला. ट्रंकेला पाय लागला तर त्या तिच्याकडे विंचवाकडे बघावं तसं बघायला लागल्या. ह्यांना यातलं काही दिसत नव्हतं. हे ओट्यावर बसून 'तिथं'ल्या रेल्वेबद्दल बोलत होते.

आणि एका दुपारी मी कोठीचं दार लोटलं तर आत आत्याबाई. पोत्याला टेकून खाली बसलेल्या, पदर नाकावर, डोळ्यांतून पाणी, छाती भात्यासारखी हलते आहे. बरणीचं धुडकं सुटलेलं. हातात पळी. मी रोज कुठे रडायला जाते, ते बघायला त्या आल्या होत्या. ज्या कोठीत वर्षानुवर्षं पाऊल टाकलं नव्हतं तिथे.

बरणीत पांढरा, गुबगुबीत फेस तोंडापर्यंत आला होता. "हाई बी बिघडनं," त्या म्हणाल्या. रागावून नाही, दमून. आणि पळी आत घालायला गेल्या.

मी पळीचं दुसरं टोक धरलं. सासू आणि सून, मिरचीच्या कोठीत, दोघी रडताहेत, दोघी खोकताहेत, आणि एक पळी ओढताहेत. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर पंचायत बसली असती. शेवटी माझ्या तोंडून निघून गेलं, "आत्याबाई, हाई बिघडाले पाहिजे. नही बिघडनं तर तुमना पोऱ्या निंघी जाई."

"कोठे?"

"तठे."

पळी ढिली झाली. त्या फेसाकडे बघत राहिल्या. ती कुजबुज आता मोठ्याने ऐकू येत होती. त्यांनी विचारलं, "यामा काय शे?"

"दारू शे."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता त्या बरणी उचलून फोडणार. पण त्यांनी धुडकं उचललं, झटकलं, बरणीच्या तोंडावर ताणून बसवलं आणि स्वतःच्या हाताने गाठ मारली, लोणच्याच्या बरणीला मारायच्या तसली, पक्की. पळी लुगड्याला पुसली.

"मंग बिघडू दे," त्या म्हणाल्या. दारापर्यंत गेल्या, आणि वळून, "नानाले सांगू नको."

पुढे बाटल्या. हे नंदुरबारहून गोटीच्या सोड्याच्या रिकाम्या बाटल्या पोत्यात घालून घेऊन आले. मी एकेकीत चिमूटभर गूळ घातला, वर बिटर, आणि बाटली झटकन उलटी केली की आतली गोटी गळ्यात जाऊन बसे. मग उलट्याच मिरचीच्या ढिगात खोचून ठेवल्या. मुरायला. हे म्हणाले, "माझी माय इतकी भोळी, तिला पत्ताच नाही!" मी हसू पदरात लपवलं. कारण फाल्गुनाचं ऊन तापायला लागलं तसं दर दुपारी कुणीतरी कोठीत ओला गोणपाट टाकून जात होतं, आणि ती मी नव्हते.

उन्हाने तरी घात केलाच. दारूबंदीचा जमादार सायकलवरून आला तो नेमका भर दुपारी. नदीकाठच्या भट्ट्या शोधून दमला होता, ओट्यावर टेकला, पाणी मागितलं. हे समोर बसले ते पांढरेफटक. जमादाराने तांब्या तोंडाला लावला आणि कोठीत धडाड झालं.

"काय हो ते?" जमादार उभाच राहिला.

आत्याबाई दारात शेंगा फोडत होत्या. हात थांबला नाही. "मिरची तडकनी."

"मिरची? एवढा आवाज?"

"आमनी मिरची शे, साहेब. नंदुरबारना बजारमा इचारा."

जमादार विचार करत होता, आणि देवाला दया आली. वारा वळला. खळ्यावरची मिरची एकदम ओट्यावर आली, जमादाराला असा ठसका लागला की टोपी पडली. आत्याबाई उठल्या, फळीवरची बाटली काढली, चमचाभर काकवी त्याच्या तोंडात घातली. त्याचं तोंड वाकडं झालं, मग सरळ झालं, मग ठसका थांबला. तो आदराने म्हणाला, "आई, हे कसलं औषध?"

"इलायती काढा. मन्हा पोऱ्या लई उना."

"आमच्या घरी हिलाही फार त्रास होतो हो मिरचीचा..."

तेवढ्यात कोठीत दुसरी फुटली. जमादार समजूतदारपणे मान हलवून म्हणाला, "तडकली." आणि आमच्या इंग्रजी दारूचा आटवलेला अर्क खिशात घालून, सायकलवर टांग मारून निघून गेला. हे मला आत ओढत नेऊन म्हणाले, "बघितलंस? मायला खरंच वाटतं की मिरची तडकते!" मी भिंतीवर कपाळ टेकलं. दोन वर्षं विलायतेत यंत्रं शिकलेला माणूस!

फुटता फुटता होळीपर्यंत एकच बाटली उरली. कोठीतच उघडली, बाहेर न्यायची कुणाची छाती? ह्यांनी अंगठ्याने गोटी आत ढकलली, फेस हातावर आला. दोन पितळी पेल्यांत ओतली. तांबूस, जरा गढूळ. ह्यांनी घोट घेतला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. माझा सगळा हिवाळा त्या घोटात होता. त्यांनी जीभ ओठांवरून फिरवली. मग हळूच म्हणाले, "आर्थरच्यासारखी नाही." पुन्हा एक घोट. "हिंग लागतो. आणि मिरची."

माझ्या डोळ्यांपुढे ट्रंक आली.

दारातला उजेड अडला. आत्याबाई. ह्यांनी पेला पाठीमागे लपवला, एवढा मोठा माणूस!

"दे आठे," त्या म्हणाल्या.

"माय, औषध शे..."

"दे."

त्यांनी पेला घेतला. आयुष्यात ताकापलीकडे काही न प्यायलेल्या बाईने पदर नाकावरून खाली घेतला आणि तो पेला न थांबता रिकामा केला. काकवीची परीक्षा घेताना करायच्या तशी जीभ टाळ्याला लावली. आम्ही दोघं श्वास धरून.

"कडू शे," त्या म्हणाल्या. "पन बिघडनं नही."

"माय, तुले माहीत व्हतं?"

"मिरची कधी तडकस का, येडा?"

ह्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. आत्याबाई पोत्यावर बसल्या, दम खाल्ला आणि विचारलं, "तठे हाई कोन करे?"

आणि ह्यांनी सांगितलं. आर्थर, शेगडी, ताप, काचेवरचा पाऊस, शनिवार. दिवाळीपासून घरात 'तिथं' एवढंच ऐकू येत होतं. त्या तिथंमधली माणसं त्या दिवशी पहिल्यांदा आत्याबाईंच्या पुढे येऊन बसली. तिघंही खोकत होतो, डोळे गळत होते, आणि बाहेर जाऊ या असं कुणालाच सुचलं नाही. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "ती म्हातारी जित्ती शे ना?"

"शे, माय."

"तिले आपली मिरची धाड. तापमा तुन्हं करं तिनी." आणि त्या पोत्यातल्या चांगल्या, लांब, चकचकीत मिरच्या स्वतः निवडायला बसल्या.

होळीच्या तोंडावर आमची गाडी नंदुरबारला गेली. वर मिरचीची पोती, पोत्यांवर हे, मांडीवर त्या म्हातारीसाठीच्या मिरच्या आणि खिशात कारखान्याला लिहिलेलं पत्र. सांजेला गाडी रिकामी परत आली आणि तिच्यात हे पाय हलवत बसले होते, अहिराणीत बैलांना शिव्या देत. दुसऱ्या दिवशी ट्रंक उपडी केली. कोट खुंटीला गेला, सदरे फडताळात गेले, आणि ट्रंकेत आत्याबाईंनी मिरचीचं बी भरलं. ते अजून त्यातच असतं.

हे सगळं आठवत मी आज चाळणी दुसऱ्यांदा आपटली, तेव्हा हे झोपाळ्यावरून म्हणाले, "एवढी का चिडतेस? मी काय खरंच जाणार होतो? तेव्हा उगाच म्हटलं होतं."

हेही दरवर्षी म्हणतात! आत्याबाई गेल्या तेव्हापासून तर जास्तच. कोठीत दोन बायकांनी डोळे फोडून घेतले, सासूने जन्मात पहिल्यांदा खोटं बोलून जमादाराला मिरची तडकवून दाखवली, आणि ह्यांनी 'उगाच म्हटलं होतं'!

मी चष्मा वर केला. "ट्रंक भरलेली होती की नाही?"

"होती."

"चार महिने?"

"असेल."

"मग ती कशाला भरून ठेवली होती?"

आणि बघा, दरवर्षी नेमकं याच प्रश्नाला ह्यांना मिरचीचा ठसका लागतो.